उद्या एकटीने यायचं

अहो, लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो?

आज कॉलेजात बाईंनी माझी परीक्षा घेतली. चाळीस वर्षं बाळंतपणं केली, ती धरून नर्सच्या कोर्सचं एक वर्ष माफ होणार! रबराचं आडवं बाळ मी असं वळवलं, बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आजी, मागून सांगायला माणूस आणायचं नसतं. त्या सहा बोटांच्या म्हाताऱ्या बाई कोण?"

खोलीत आम्ही दोघीच होतो हो. सहा बोटं तुमच्या आईंची, मला शिकवलंही त्यांनीच. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली.

उद्या पुन्हा परीक्षा आहे, एकटीने द्यायची. आईंच्या फोटोला सांगा, उद्या घरीच थांबा, मला येतं सगळं.

आणि आई फोटोत आहेत ना, तेवढं बघून कळवा.

तुमचीच,
कॉलेजातली म्हातारी