दगडखाणीमागचा खंड्या

रविवार, ४ जानेवारी
आज थाप मारली. सकाळी सव्वासातला, तळ्याकाठच्या पक्षी बघायच्या लपणात बसून, आणि तीही सासऱ्यांच्या देखत!

झालं काय, पक्षी येईपर्यंत आम्ही चौघं कुजबुजत पक्ष्यांच्या भेंड्या लावतो. मागच्याने घेतलेल्या नावाचं शेवटचं अक्षर धरायचं. पक्षी मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलाच हवा. पुरावा कुणी मागत नाही, शब्दावर विश्वास. एक नाव एका सकाळी एकदाच. आणि य वर संपणारं नाव पडलं की पुढचा मेला, कारण य ने सुरू होणारा पक्षी आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही. हरेल त्याने दुर्बिणीचं जडशीळ स्टँड गाडीपर्यंत वाहायचं.

क्रम ठरलेला. आधी बाबा म्हणजे माझे सासरे, मग मी, मग आमच्या गटातला एक दंतवैद्य, मग नणंद. बाबा म्हणाले, ‘रोहित.’ म्हणजे फ्लेमिंगो. माझ्यावर त. तांबट गेलेला, तुतवार गेला, तुतारी गेली. तितर नणंदेने पहिल्याच फेरीत उडवलेला. ती गणिताची बाई, कुठलं नाव वापरून झालं ते बोटांवर मोजत बसते. आणि दंतवैद्य माझ्याकडे बघून हसत होता. गेल्या रविवारी स्टँड वाहताना माझ्या साडीचा काठ फाटला तेव्हा म्हणाला होता, ‘शिंप्याला काय, घरी जाऊन शिवेल.’ माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे म्हणून हा मला दर रविवारी शिंपी पक्षी म्हणतो.

मी शांतपणे म्हटलं, ‘तिबोटी खंड्या.’

तो इवलासा जांभळा-नारिंगी जीव आमच्यातल्या कुणीही पाहिलेला नाही. बाबांच्या तीस वर्षांच्या वहीतही नाही. बाबांनी एवढंच विचारलं, ‘कुठे?’

‘दगडखाणीमागे. ओढ्याकाठी,’ मी म्हटलं. तोंडाला येईल ते.

दंतवैद्याने मुकाट्याने स्टँड उचललं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

सोमवार, ५ जानेवारी
बाबा नाश्त्याला उलटतपासणी घेत होते. फांदी पाण्यावर किती उंच? चोच पूर्ण लाल? शेपटी हलवत होता का? मी पोळी लाटता लाटता सगळं सांगितलं, पुस्तकातलं चित्र आठवून. एका थापेला चार थापांचा टेकू लागतो.

बुधवार, ७ जानेवारी
अघटित. बाबा जेवताना म्हणाले, ‘ऑपरेशनची तारीख घ्या.’

दोन वर्षं मोतीबिंदू पिकवून बसलेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं, माझ्या नवऱ्याने समजावलं, नणंद तर रडलीसुद्धा. उत्तर एकच — ‘मला कानांनी दिसतं.’ मागच्या महिन्यात डॉक्टर स्पष्टच बोलले. आणखी उशीर केलात तर उजवा डोळा हातचा जाईल. तरी हे ढिम्म. आणि आज आपणहून!

नवऱ्याने विचारलं, ‘बाबा, अचानक कसं काय?’

‘सूनबाईने पाहिलेला पक्षी मला पाहायचाय.’

मी उगाचच त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

गुरुवार, ८ जानेवारी
नणंदेने दुकानात येऊन मला मिठी मारली. ‘वहिनी, आम्हाला जे जमलं नाही ते तुझ्या एका पक्ष्याने केलं गं.’ गिऱ्हाईक बघत होतं. मी पॅंटची चेन उलटी शिवली.

रविवार, ११ जानेवारी
आता हद्द झाली. दंतवैद्य म्हणतो, तो शुक्रवारी दगडखाणीमागे जाऊन आला. आणि त्याला दिसला! ‘अगदी शिंप्याने सांगितल्यासारखा. त्याच फांदीवर.’

अरे लबाडा! ती फांदी मी मनानेच रचलेली, ओढा असेल असंही मला वाटत नाही. मी आयुष्यात कधी त्या खाणीच्या मागे गेलेली नाही! पण बोलू कशी? याला खोटं ठरवायचं तर आधी मी खोटी ठरते. चोरावर मोर म्हणतात ते हे. मी म्हटलं, ‘वा, छान.’ त्यानेही मान डोलावली. त्याला भेंडीत ते नाव हवंय, दुसरं काही नाही.

बाबा मात्र खुलले. दोघांनी पाहिला म्हणजे पक्का.

शनिवार, १७ जानेवारी
नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो आधी पोट धरून हसला, मग एकदम गंभीर झाला. ‘गुरुवारी ऑपरेशन आहे. तोवर तोंडाला कुलूप. नंतर काय व्हायचं ते होऊ दे.’

कुलूप लावलंय. पण बाबा रोज संध्याकाळी तो खंड्या पुस्तकात भिंगातून बघतात आणि मला हाक मारतात. ‘असाच होता ना?’ मी ‘हो’ म्हणते. लाज वाटते. या माणसाने पक्षी नीट दिसला नाही म्हणून वहीतल्या स्वतःच्याच नोंदी खोडलेल्या मी पाहिल्यात. आणि मी त्यांना नसलेल्या फांदीवर बसवून ठेवलंय.

गुरुवार, २२ जानेवारी
झालं. नीट पार पडलं. आत नेताना बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी वाकली.

शुक्रवार, २३ जानेवारी
पट्टी निघाली. बाबांनी खोलीभर नजर फिरवली आणि पहिलं वाक्य — ‘या भिंतीला एवढे पोपडे कधी आले?’ मग माझ्याकडे बघून, ‘तूही थकलीस गं.’ नजर आल्या आल्या खोड काढली!

तीन आठवडे धुळीत जायचं नाही. तीन आठवडे मला मुदत.

शनिवार, १४ फेब्रुवारी
मुदत संपली. बाबांनी पहाटेच बूट घातले. फक्त आम्ही दोघं.

खाणीमागे काही नाही. दगड, वाळलेलं गवत, एक गंजलेलं पिंप. बाबा दुर्बीण गळ्यात अडकवून उभे राहिले. मी वाटेत दहा वाक्यं जुळवली होती, ती सगळी बाजूला ठेवली. म्हटलं, ‘बाबा, मी नाही पाहिला. दंतवैद्याला हरवायचं होतं.’

ते गवताकडेच बघत होते. म्हणाले, ‘ही सगळी जमीन मी मोजलीय. नोकरीतलं दुसरं वर्ष. ओढा असता तर नकाशात काढला असता.’

म्हणजे त्या रविवारपासूनच यांना ठाऊक होतं! मला राग आला, हसू आलं, काय करावं कळेना. मी विचारलं, ‘मग ऑपरेशन?’

बाबांनी दुर्बीण गळ्यातून काढून पुसली. मग म्हणाले, ‘डोळ्यात सुई घालतात म्हणे. मला भीती वाटत होती. दोन वर्षं नाही नाही म्हटल्यावर मुलांना कुठल्या तोंडाने सांगू? काहीतरी निमित्त हवं होतं. तू आयतं दिलंस.’

मला रडू फुटलं. त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि पिंपावर बसलेला गप्पीदास पक्षी दाखवला. साधाच गप्पीदास. आम्ही दोघांनी त्याला पाच मिनिटं पाहिलं.

परतताना मात्र बजावलं, ‘भेंडीत खोटं बोललीस हे मी विसरलेलो नाही.’

मला वाटलं, चौघांत सांगतील. शिक्षा म्हणून वर्षभर लपणाबाहेर बसवतील. आधी एकाला बसवलंय त्यांनी. रविवारची ती सकाळ गेली तर माझ्या आठवड्यात उरतं काय? शिवण आणि स्वयंपाक.

रविवार, १५ फेब्रुवारी
लपणात सगळे. नणंद म्हणाली, ‘रोहित.’ बाबांवर त.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘तिबोटी खंड्या. काल पाहिला, दगडखाणीमागे.’ नणंदेचे डोळे भरून आले. दंतवैद्य म्हणाला, ‘बघा, मी सांगत होतो!’ आणि बाबा माझ्याकडे वळले. ‘य आलाय, सूनबाई.’

स्टँड मी वाहिलं. गाडीपर्यंत.