तळहात खाली, म्हणजे दमानं

१४ ऑगस्ट २०२२, रविवार

पहिली! पहिली! पहिली!

खरं तर मोहित शेवटपर्यंत पुढे होता. मला त्याला चौदाव्या फेरीतच मागे टाकायचं होतं. पण आमच्या छोट्या रेसिंग कार्टमध्ये रेडिओ नसतो, सगळ्यांचे बाप कुंपणाला चिकटून हातवारे करतात. आणि माझा बाप तळहात खाली-खाली करत होता. म्हणजे दमानं, मागचे टायर तापलेत. चिडले मनात, पण घेतलं दमानं. शेवटच्या वळणावर मोहितची गाडी गरगर फिरली आणि मी आरामात निघून गेले.

बाबांना कसं कळतं देव जाणे. जन्मभर नागपूरजवळच्या वाडीला ट्रकची इंजिनं खोलणारा माणूस. कार्बोरेटरचा स्क्रू कानानेच लावतात. ‘इंजिन सांगते वं सगळं. आपण आयकाचं फक्त.’

आईने पुरणपोळी केली. चार खाल्ल्या. वजन गेलं खड्ड्यात!

१२ मार्च २०२३

गेलं. वर्षभराचं सगळं गेलं.

आज नुसती तिसरी आले असते तरी चॅम्पियनशिप माझी होती. सातव्या फेरीत इंजिन जाम. गाडी ढकलत आणली, सगळे बघत होते. मोहितचे वडील म्हणाले, ‘सकाळपासून पेट्रोल कमी जाऊन राहिलं होतं, आवाजावरूनच समजे. रुपरावले काहून नाही समजलं?’

मी बाबांवर ओरडले. सगळ्यांसमोर. ‘तुमच्यामुळे गेलं! समजत नव्हतं तर हात कायले लावला?’ ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

ओरडायला नको होतं. पण मला राग आला होता, आणि अजून आहे.

१३ मार्च

बाबा आणि मी बोललो नाही.

१९ मे

निवड झाली. चाळीस जणांतून तिघं, त्यात मी एकटी मुलगी. दामिनी आता फॉर्म्युला गाडी चालवणार! दोन वर्षं कोइम्बतूरला राहायचं, टीमच्या होस्टेलमध्ये.

फॉर्मवर ‘सोबत कोण येणार’ असा रकाना होता. मी ‘कोणी नाही’ लिहिलं. बाबांना म्हटलं, तिथे इंजिनियर असतात, गाडीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत, तुमी नका येऊ. त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर

दिवाळीला घरी आलेय, तर बाबा पाठ करून टीव्ही बघत बसलेले. ‘बाबा, मी चौथी आले’ म्हटलं. ढिम्म. पुन्हा म्हटलं, तरी ढिम्म. मग मीही नाही बोलले. फोनवरही हेच. मी हॅलो म्हणते, ते ‘आईजवळ देतो’ म्हणतात. आठ महिने झाले. किती ताणायचं माणसाने?

आई म्हणते, ‘तसं काही नाही वं.’ आणि लगेच चकल्या तळायला उठते.

२१ जुलै २०२४

नववी. मागच्या वेळी दहावी होते, म्हणजे प्रगतीच म्हणायची.

गाडी वाईट नाही, मी वाईट आहे. टायर शेवटपर्यंत टिकवता येत नाहीत मला. इंजिनियर गौरांग सर रेडिओवर आकडे सांगत असतात, सेकंदाचा हजारावा भाग वगैरे. चांगले आहेत ते. पण सरळ रस्त्यावर आले की नजर आपोआप कुंपणाकडे जाते. तिथे जाहिरातींचे बोर्ड आहेत.

होस्टेलवर येऊन रडले. शेजारच्या सोनिकाला सर्दी सांगितली.

१ डिसेंबर

गौरांग सर स्पष्ट बोलले. चेन्नईच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या सहात आलीस तर पुढच्या वर्षी गाडी, नाही तर नाही. मग म्हणाले, ‘कोणाला बोलवायचंय का? मी एक हेडसेट देतो, तुझ्याशी बोलू शकतील.’

मी आईला फोन केला. बाबांना पाठव म्हटलं. माफी मागायची आहे तेही सांगितलं. ती आधी गॅस बंद करून आली. मग म्हणाली, ‘धाडतो त्याईले.’

८ डिसेंबर

बाबा आले होते. नागपूरहून रेल्वेने, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघून हसले. पण मी माफी मागत होते आणि ते गाडीच्या झाकणावर तळहात ठेवून उभे होते, इंजिन सुरू असताना. माझ्याकडे लक्षच नाही.

सहाव्या नंबरवर होते मी. सहाव्या! अर्धी शर्यत झाल्यावर रेडिओवर म्हटलं, ‘बाबा, काही तरी बोला.’ नाही बोलले. तीनदा म्हटलं. हेडसेट डोक्यावर होता त्यांच्या, गौरांग सरांनी स्वतः लावून दिला होता. एक शब्द नाही!

मग मी रागात दाबली गाडी. दोन फेऱ्या अजून रागात. तिसऱ्या फेरीला मागचे टायर सुटले आणि मी खडीत जाऊन बसले.

नंतर गौरांग सर म्हणाले, ‘अगं, तुझे बाबा ट्रॅकच्या भिंतीवर चढून हात वर-खाली करत होते. मार्शलने उतरवलं त्यांना.’ आजूबाजूचे हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नागपूरच्या परतीच्या रेल्वेत आम्ही समोरासमोर बसलो, पण मी खिडकीबाहेर बघत आले.

१० डिसेंबर

फोन आला. माझी जागा दुसऱ्याला दिली.

१६ डिसेंबर

बाबा जेवायला घरी गेले होते. मी त्यांच्या गॅरेजमध्ये दहाचा पाना शोधत होते, जुनी कार्ट विकायला काढावी म्हणून. पान्यांच्या पेटीच्या तळाशी ग्रीसचे डाग पडलेला एक कागद होता. कानाच्या डॉक्टरचा. रुपराव, वय ५१. उजवा कान पूर्ण बंद, डाव्यात थोडंसं उरलंय. इंजिनच्या आवाजापासून लांब राहावे. तारीख ३ मार्च २०२३.

आईला विचारलं. ‘त्यायनंच सांगू नाही देल्लं. म्हणे, पोरगी गाडी सोडून मायाच मागं दवाखान्यात फिरन.’

चेन्नईला ते तळहात खाली करत होते.