दहापट उंची

३ मे
आज मोजदाद केली. माझ्या हाताने केलेल्या वस्तू, कुठल्या शाळेत न शिकता, कुणाला गुरू न करता:
भंडारा जिल्ह्याचा उठावाचा नकाशा, अखंड, एक. गोंदिया वेगळा झाला तेव्हा तोच करवतीने कापला, कडा कानशीने घासल्या, दोन शाळांना दिला. वैनगंगेचं खोरं, लाकडाचा भुसा आणि डिंक, दोन. माणसाचं हृदय, प्लास्टरचं, झडपा उघडणारं, चार (एक मास्तरांच्याच हातून फुटलं). विहारासाठी स्तूप, एक. कठड्याचे खांब मोजून. इंजिनिअरिंगच्या पोरांची धरणं, सतरा. नावं त्यांची, मार्क त्यांचे.
आता आमचा तलाव. पाळीपासून, म्हणजे तलावाच्या बांधापासून, टोकाच्या बांधीपर्यंत, धानाच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत सगळा. नागपूरची एक संस्था तो कॉम्प्युटरात उभा करणार आहे, आभासी तलाव, पाणीवाटपाचं ठरवायला सोपं जावं म्हणून. त्याआधी हातचा हवा. त्यांच्या केतकी मॅडम आल्या होत्या. वय सत्तावीस असेल. "काका, तुमच्या डोक्यातला तलाव आम्हाला बाहेर काढून द्या."
बोलणं आवडलं. हो म्हटलं.

११ मे
नळीने उंची मोजणं संपलं. आठ दिवस. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक मी धरायचं, दुसरं वासुदेवने. वासुदेव आमचा पाणकर. तुडूम उघडून तलावाचं पाणी नालीत सोडणं आणि बांधीबांधीतून फिरवणं त्याच्याकडे. बापाकडेही तेच होतं. त्याची स्वतःची बांधी अगदी टोकाला.
पाळ ते टोक सोळाशे मीटर. एवढ्या लांबीत उतार एक मीटर ब्याण्णव सेंटीमीटर. तीनदा मोजला.
वासुदेव म्हणाला, "येवढ्याशा उतारावर पानी टोकाले पोचते हेच लय झालं. म्हनून तं टोकाले पयलं देतो. जवळच्यायनं पयलं घेतलं तं मंग मागं ढकलाले जोरच नाही उरत."
टोकापासून सुरू करून तलावाकडे सरकत यायचं. आमच्याकडे पाण्याची पाळी अशीच. कागदावर कुठेच नाही.

१९ मे
प्लायवूड एकशेसाठ सें.मी. एक सें.मी. म्हणजे दहा मीटर. या मापात सगळा उतार दोन मिलिमीटरही भरत नाही, डोळ्याला दिसायचा नाही. म्हणून उंची दहापट घेतली. उठावाच्या कामात असंच करतात, सांगावं लागत नाही.
भंडाऱ्याहून पितळी पट्टी कोरून आणली: "१ सें.मी. = १० मी." ठसठशीत आली आहे.

५ जून
के. मॅडम दिवसभर फोटो काढत होत्या. चारी बाजूंनी, वरून, वाकून. म्हणे यावरूनच पुण्याची कॉम्प्युटरवाली मुलं तलाव उभा करतील. जेवायला घरीच. सुलोचनाने वांग्याची भाजी केली, मॅडमनी दोनदा घेतली.
निघताना वही काढली. "काका, उंची पण याच प्रमाणात धरायची ना?"
इतक्या दिवसांच्या कामावर हा प्रश्न. म्हटलं, "मॅडम, उंची नळीने मोजली आहे. एका मिलिमीटरची चूक दाखवा, मॉडेल फुकट देतो."
हसल्या. वहीत काहीतरी लिहिलं.

२२ जून
व्हिडिओ कॉल. पुण्याची तीन मुलं, नागपूरहून के. मॅडम, इथून मी. पडद्यावर आपला तलाव पाहून अंगावर काटा आला. पण पाळीवर नारळाची झाडं! आमच्या पाळीवर नारळ! मोह आहे, ऐन आहे, एक जुनी चिंच आहे.
चुकांची यादी केली. एकेचाळीस. तुडूमचे दगड लाल दाखवले, ते काळसर आहेत. वासुदेवच्या बांधीचा धुरा, कडेचा बांध, सरळ काढला, तो मध्ये वाकतो. मोहाची पानं पाणी सोडतात त्या महिन्यात तशी नसतात.
एक मुलगा म्हणाला, "काका, इतकं डिटेल लागणार नाही."
मी म्हटलं, "मला लागतं."
एकेचाळीसच्या एकेचाळीस करून घेतल्या.

१४ जुलै
ग्रामपंचायतीत दाखवलं. रोवणीची गडबड असून सत्तरएक माणसं. पडद्यावर माझं नाव, मग तलाव. मॅडमनी बटण दाबलं, तुडूम उघडलं, निळं पाणी सुटलं नि पळालं. कोपऱ्यात घड्याळ होतं. पाच तासांत टोकाला. टाळ्या.
वासुदेव मागून उठला. "पानी असं पळत नाही गा. हे तं डोंगरावरचं पानी हाये."
हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "पानकर साहेब, कॉम्प्युटर खोटं बोलते का?"
मी पुढे होतो. सगळे माझ्याकडे पाहत होते. म्हणालो, "वासुदेव, हे मोजमापाचं काम हाये. तुले यातलं नाही समजत."
तो खाली बसला. तंबाखू मळत राहिला.
पाणीवाटप समितीचे अध्यक्ष तुळशीरामभाऊ, बांधी तलावाला लागून. ते म्हणाले, "पाच घंट्यांत टोकाले जाते तं आमी काहून आठ आठ दिवस वाट पाहाची? यंदापासून जवळून सुरू करा." हात वर झाले. ठराव.
घरी सुलोचना म्हणाली, "अजी, त्या बिचाऱ्याले चारचौघांत कायले बोलले?"
म्हटलं, तुला माहीत नाही.

१५ जुलै
वासुदेव दिसला नाही.

१७ जुलै
दिसला. राम राम, जय भीम काही नाही. रोवणीत असेल.

२८ सप्टेंबर
अठरा दिवस थेंब नाही. धान निसवायला आलं आहे. उद्या तुडूम उघडायचं ठरलं. नव्या ठरावाप्रमाणे जवळून.

२ ऑक्टोबर
चौथा दिवस. जवळच्या बांध्या तुडुंब. मधल्यांना पाणी सुरू. टोकाला नाही. पडद्यावर पाच तास होते.
तुळशीरामभाऊ म्हणतात, नालीत गवत असेल.

६ ऑक्टोबर
गवत काढलं. काल दिवसभर पंधरा माणसं. मीही होतो.
पाणी मधल्या बांध्यांपुढे जात नाही. तलाव निम्म्याच्या खाली गेला आहे.
वासुदेव धुऱ्यावर उकिडवा बसून होता. लोंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या, खाली भेगा. मी उभा राहिलो. त्याने मान वर केली नाही.

७ ऑक्टोबर
पळसाचं पान नालीत सोडलं, बाजूने चालत गेलो. शंभर पावलं. घड्याळ लावलं. परत सोडलं, परत लावलं. घरी येऊन आकडे मांडले. पडद्यावरचं पाणी या पाण्याच्या कितीतरी पट पळतं.
नाली बरोबर. बांध्या बरोबर. एकेचाळीस दुरुस्त्या बरोबर.
मग मॉडेलजवळ गेलो. पट्टी. १ सें.मी. = १० मी. लांबीला खरं. उंचीला
पुण्याच्या मुलांनी उंचीही त्याच मापात घेतली. दोन मीटरपेक्षा कमी उताराचे जवळजवळ वीस मीटर झाले.
डोंगरच. वासुदेवने एका नजरेत ओळखला होता.

८ ऑक्टोबर
के. मॅडमना फोन. सगळं सांगितलं.
"काका, मी विचारलं होतं."
"हो."
"तुम्ही म्हणालात मिलिमीटरची चूक नाही."
"ती नाहीच. प्रश्न तुम्ही दुसरा विचारला होता. मला वाटलं माझ्या हातावर शंका घेता."
मग त्याच म्हणाल्या, चूक त्यांचीही. नागपूरला वाटलं पुण्याने सरकारी नकाशाशी ताडून पाहिलं असेल, पुण्याला वाटलं नागपूरने पाहिलं. आणि काकांनी मोहाची पानंसुद्धा तपासली म्हटल्यावर उंचीकडे कोण बघतं.
हे त्या चांगल्या मनाने बोलल्या. मला दिवसभर तेच ऐकू येत राहिलं.
तीन ठिकाणी माणसं बसलेली, प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा तलाव. मला वाटलं माझा सगळ्यांना दिसतो.

९ ऑक्टोबर
तुळशीरामभाऊंकडे सकाळीच गेलो. म्हटलं, पाळी फिरवा, टोकाला द्या, चूक माझी. ते अंघोळ करून ओसरीत आले.
"आता काय फिरवता? तलावात हाये का तेवढं?"
तुडूमवर जाऊन पाहिलं. खरंच नव्हतं.

२१ ऑक्टोबर
वासुदेवकडे गेलो. तो बांधीत होता. भरलेली लोंबी वाकते. त्याच्या साऱ्या ताठ उभ्या. एक तोडून चोळली, नुसतं फोलकट.
सांगायला सुरुवात केली. माप, दहापट, पट्टी. त्याने थांबवलं.
"नळीचं दुसरं टोक कोनाच्या हातात होतं गा?"
"तुझ्या."
"मंग? मले ठाऊक होतं ना उतार केवढा हाये. त्या दिवशी मी उठून बोललो."
"हो."
"तू इचारला असता, वासुदेव, डोंगरावरचं पानी काहून म्हनतं, तं मी सांगतलं असतं. तू इचारलाच नाही. मले समजत नाही म्हनला."
हातातलं फोलकट झटकलं.
"जाय आता. मले हे कापू दे, ढोराइले तं होइल."
विळा मागितला. दिला नाही.

३० ऑक्टोबर
वासुदेव धरून टोकाची नऊ घरं. नवांच्याही बांध्या तशाच. आज सगळ्यांकडे गेलो. दोघांनी प्यायला पाणी विचारलं, एकाने चहा दिला. एका म्हातारीने उंबऱ्यातूनच, "झालं ते झालं, पोरा, आता कायले आला?"
घरी सांगितलं. सुलोचना म्हणाली, "तिले तुमचं ऐकाचं नसन, बोलाचं असन. बसले असते घडीभर."

५ नोव्हेंबर
नवं मॉडेल. तेच प्लायवूडचं माप, पण उंची खरी. सगळा उतार दोन मि.मी.पेक्षा कमी. पॉलिश पेपर, सरस, परत पॉलिश पेपर. इतकं कठीण काम आजवर केलं नाही. आणि दिसत काहीच नाही.

१० नोव्हेंबर
समितीची बैठक. नवं मॉडेल डोक्यावर घेऊन गेलो. टेबलावर ठेवलं.
तुळशीरामभाऊंनी चष्मा लावला. "यात तलाव कोठी हाये? हा तं पाटा हाये."
"असंच आहे आपलं शिवार. मी तुम्हाला दहापट उंच करून दाखवलं नि सांगितलं नाही. पडद्यावरचं पाणी खोटं होतं. वासुदेव खरा होता. पाळी टोकापासूनच हवी."
बोललो. वाटीने पाणी ओतून दाखवलं. पाणी तलावाच्या बाजूलाच पसरून बसलं, पुढे सरकेना. दोघेतिघे वाकून बघत राहिले.
मग जवळच्या बांधीवाले बोलू लागले. एकाचं म्हणणं, नव्या पाळीने आमचं धान झकास झालं. दुसरा म्हणाला, पुढच्या साली पाऊस चांगला झाला तं भांडनच नाही. तुळशीरामभाऊ म्हणाले, "तेवा हे खरं होतं, आता हे खरं. उद्या तिसरं आणाल. ठराव झाला हाये. उन्हाळ्यातल्या सभेत पाहू."
वासुदेव आला नव्हता. पाणकर असून बोलावलंच नव्हतं, हे मागाहून कळलं.

१६ नोव्हेंबर
संस्थेने पडद्यावरचा तलाव दुरुस्त केला. के. मॅडमनी मोबाईलवर पाठवला. आता टोकापासून सुरू केलं तर पाणी तिथे दोन दिवसांनी पोचतं, आणि जवळून सुरू केलं तर पोचतच नाही. खाली एक ओळ घातली आहे, उंचीचं माप. माझं नाव तसंच.
तुळशीरामभाऊंना दाखवलं. म्हणाले, मोबाईलवर बारीक दिसते.

२१ नोव्हेंबर
लाखांदूरच्या एस.टी.त वासुदेव भेटला. बाजूची जागा रिकामी होती. बसलो. स्टँड येईपर्यंत तो खिडकीतून बाहेर पाहत होता. उतरताना एवढंच म्हणाला, "पाट्यावर पानी ओतलं म्हने."
"हो."
"कोन सांगत होता, पानी पाळीजवळच थांबलं."
"थांबलं."
"हं."
आणि गेला. मागे जावं की नाही, ठरेना. नाही गेलो.

२८ नोव्हेंबर
सकाळी के. मॅडमचा फोन. त्यांच्या वरच्या साहेबांनी विचारायला सांगितलं आहे. पुढच्या वर्षी अजून अकरा तलाव करायचे. त्यांना नागपुरात असा माणूस हवा, जो पुण्याच्या मुलांच्या, फील्डवरच्यांच्या नि गावच्या मध्ये बसेल आणि एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याला बरोबर समजलं की नाही एवढंच पाहील. "काका, ही चूक कशी होते ते आता तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"
आजवर कुणी मला माझ्या कामासाठी बोलावलं नव्हतं. पोरांची धरणं केली, नाव त्यांचं. सुलोचना चुलीजवळून ऐकत होती, तिने हातातलं उलथणं खाली ठेवलं.
जानेवारीपासून हजर व्हायचं. सभा उन्हाळ्यात. तोवर टोकाच्या घरांतून एकेकाला धरून बैठकीला बसवायचं आहे. वासुदेव येईल की नाही ठाऊक नाही. तो नाही आला तर माझं बोलणं कोण मानतो.
नाही म्हणालो. दोन वर्षांचं काम, महिन्याला बत्तीस हजार, आणि राहायला खोली.