रविवार चंद्रकलेच्या नावे

अंकुश, चष्मा कपाळावर आहे. तो खाली घे आणि मग वाच. नाहीतर घरभर शोधशील आणि तेवढ्यात हा कागद कुठे ठेवला ते विसरशील. सख्ख्या आईला लाखांदूरच्या बसस्टँडवर विसरून एकटाच एसटीने घरी आलेला माणूस तू. म्हणून या कागदाच्या तीन प्रती केल्या आहेत. एक तुझी बायको चंद्रकला हिच्याकडे, एक पास्टरसाहेबांकडे, आणि ही तिसरी, जी तू हरवणार आहेस.

मी, सुलोचनाबाई टेकचंद भेंडारकर, राहणार दिघोरी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा, वय आधार कार्डाच्या मते शहात्तर आणि गुडघ्यांच्या मते शंभर, धंदा पूर्वी धानाची रोवणी, सध्या विसावा, असे लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीवर आहे. डोके जागेवर आहे, जीभ तर आहेच. मला अक्षर येत नाही. मी बोलते आहे आणि माझी नात तेजस्विनी लिहिते आहे. लिहिलेले तिने मला दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्या वेळी तिने एक शिवी गाळली होती. ती मी परत घालायला लावली नाही, हे माझ्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून नोंदवावे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. या घरात दबाव टाकण्याचे काम आजवर मीच केले आहे.

हे मृत्युपत्र करण्याचे कारण असे. मागच्या मंगळवारी दुपारी मी ओसरीवरच्या खाटेवर डोळे मिटून पडले होते. गावचे पाटील श्यामराव हटवार यांचा मुलगा भूपेंद्र, जो आता गावोगावच्या रोवणीचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेतो, अंकुशशी बोलत होता. रोवणीचा बायकांचा गट पूर्वी मी चालवायची, आता चंद्रकला चालवते.

"काका, यंदा काकूच्या बायका सातही दिवस आल्या पायजे. इतवार-फितवार नाई चालत आता."

आणि माझा मुलगा म्हणाला, "म्हातारी आहे तोवर थांब गा. मंग पाहू."

म्हातारी झोपली नव्हती. म्हातारी विसावा घेऊन राहिली होती, आणि विसाव्यात कान उघडे असतात. तर ते "मंग" मी आत्ताच पाहून ठेवते.

कलम पहिले. दिघोरीतील माझे राहते घर, ओसरी, परसातली विहीर आणि तलावाखालची सव्वा एकर धानाची बांधी ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता आहे. कष्ट कोणते ते पुढे येईलच. माझ्या मागे हे सर्व माझी सून चंद्रकला अंकुश भेंडारकर हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. अंकुशने त्या घरात जन्मभर राहावे, खावे, चष्मा शोधावा. मालकी मागू नये. अट एकच. त्या घरातून रविवारी कोणी बाई रोवणीला जाणार नाही, आणि रविवारी तिथली चूल बाईच्या हाताने पेटणार नाही.

तेजस्विनी म्हणते, "आजी, अशी अट कोर्टात टिकत नाही."

मी म्हटले, "कोर्टात कायले टिकवतेस? घरात टिकव."

कलम दुसरे. माझे दोन पाय. हे मी कोणाला देत नाही, माझ्याबरोबरच जातील, पण त्यांची हकीकत कागदावर राहावी. आषाढात दिवसभर चिखलात वाकून रोवणी केली की पायाच्या बोटांमधली कातडी सडते. त्याला चिखल्या म्हणतात. सगळ्यांनाच होतात, म्हणून त्याला कोणी दुखणे म्हणत नाही. माझ्या इतक्या वाढल्या की माझ्या नवऱ्याने, टेकचंदने, मला सायकलवर बसवून मिशनच्या दवाखान्यात नेले. तिथे रीना सिस्टर नावाची बाई जमिनीवर बसली, माझे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि धुवायला लागली. मी पाय ओढला.

"अवो सिस्टर, घाण हाय."

"असू द्या. आमच्या प्रभूने मासे धरणाऱ्यांचे पाय धुतले. ते काय अत्तर लावून आले होते?"

मग ती म्हणाली, आठवड्यातून एक दिवस हे पाय कोरडे ठेवा. मला हसू आले. "एक दिवस कोण देते वो? धान देते का पाटील देते?"

"कोणी द्यायचा नाही, बाई. तो देऊन ठेवलेला आहे. तुम्ही घ्यायचा राहिला आहे."

लोक देवाच्या घरी मनाने जातात, डोक्याने जातात. मी पायांनी गेले.

कलम तिसरे. माझे पवित्र शास्त्र तेजस्विनीला. ते मी कधी वाचले नाही, ऐकले आहे. पास्टरसाहेबांनी वाचलेले जे माझ्या कामाचे वाटले, त्या पानात मी धानाची लोंबी ठेवली. अशा चार लोंब्या आहेत. त्या झटकून टाकू नकोस, बाई.

पहिली लोंबी अगदी सुरुवातीला. देवाने सहा दिवस काम केले आणि सातव्या दिवशी थांबला. मी विचारले, "देव थकला होता का जी?" पास्टरसाहेब म्हणाले, नाही. तेव्हा मला कळले. थकल्यावर तर बैलही बसतो. न थकता बसायचे, केलेल्या कामाकडे पाहायचे आणि "बरं झालं" म्हणायचे, हे मालकाचे लक्षण. मजुराला त्याचेच काम बसून पाहू देत नाहीत. एक बांधी रोवली की पुढची. त्या रविवारी मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून शनिवारी रोवलेली माझीच रांग पाहिली. हिरवीगार, सरळ. बरं झालं होतं. आणि मी हात न लावताही ते धान मुळं धरत होते. माझ्यावाचून जग चालते हे पाहून वाईट वाटेल असे वाटले होते. उलट कंबर हलकी झाली.

दुसरी लोंबी दहा आज्ञांपाशी. मिसर देशात विटा थापणारे गुलाम सुटले, तेव्हा देवाने त्यांना हा दिवस नेमून दिला. कारण गुलामाला सुट्टी नसते. ज्याला सुट्टी आहे तो गुलाम नाही. बाकीच्या बऱ्याच आज्ञा "हे करू नको" म्हणतात. ही "आठवण ठेव" म्हणून सुरू होते. देवाला अंकुशसारखी माणसे आधीपासून ठाऊक होती. पुढे यादी आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझ्या वेशीतला परका. मी बोटांवर मोजले आणि भर उपासनेत उठले.

"पास्टरसाहेब, यात बायको नाई जी."

पास्टरसाहेब गडबडले. "सुलोचनाबाई, ती गृहीत धरली आहे."

"तेच म्हणून राहिली मी. दिघोरीतही गृहीतच धरतात."

आमच्याकडे बैलाला पोळा आहे. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, खांदा चोळतात, पुरणपोळी भरवतात. बाईच्या खांद्याला कोणता सण आहे ते मला अजून सापडले नाही. म्हणून मी दर आठवड्याला एक ठेवला.

तिसरी लोंबी रानातल्या भाकरीपाशी. आभाळातून रोज अन्न पडायचे, आणि सहाव्या दिवशी दुप्पट, म्हणजे सातव्या दिवशी कोणाला वेचायला जावे लागू नये. मीही शनिवारी दुप्पट रांधले आणि रविवारी चूल पेटवली नाही. टेकचंदने दोन रविवार बासी भात खाल्ला. तिसऱ्या रविवारी लाखोळीची डाळ पाट्यावर वाटून वडे तळायला बसला. बाहेरून कोळसा, आतून कच्चे. मी सगळे खाल्ले आणि देवाचे आभार मानले, कारण ते मी केले नव्हते. पुढे त्याच्या हाताला अशी चव आली की लोक रविवारची वाट पाहत. तो पाटा आणि वरवंटा मी अंकुशला देते. बापाची इस्टेट आहे, वापरावी.

चौथी लोंबी जिथे प्रभू म्हणतो, थकलेले, ओझ्याने वाकलेले सगळे माझ्याकडे या, मी विसावा देतो. आणि लगेच म्हणतो, माझे जू घ्या. आधी मला राग आला. म्हटले, हाही पाटीलच निघाला. मग आमची बैलजोडी आठवली. जू दोघांचे असते. जोडीचा बैल दमदार असला की आपला खांदा वाचतो. विसावा म्हणजे काम सुटणे नव्हे, जोडीदार चांगला भेटणे.

कलम चौथे. माझी ओसरीवरची खाट श्यामराव पाटलांना. आता याचे कारण.

बायकांच्या गटात मी रविवारची गोष्ट काढली तेव्हा सगळ्या म्हणाल्या, "तुह्या देवाचा वार आमी काहून पाळाव?" मी म्हटले, "देवाचा नका पाळू. पायाचा पाळा." पाय सगळ्यांनाच होते. गट थांबायला लागला.

पंधराएक वर्षांपूर्वी पाऊस उशिरा आला. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, वाफ्यातच जून होत होती. श्यामराव म्हणाले, "सुलोचना, उद्या रविवारी याच लागते." मी म्हटले, "सोमवारी कोंबड्याच्या आधी येतो, पाटील. रविवारी नाई." त्यांनी ट्रॅक्टर पाठवून दुसऱ्या बायका आणल्या. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ज्यांचे गाव गेले, शेत गेले, त्या. ट्रॅक्टर थांबला तो आमच्या मोहाच्या झाडापाशी. तिथे आम्ही बावीस जणी पाय पसरून, बोटांत हळद-तेल लावून बसलो होतो.

त्यातल्या एकीने विचारले, "काहून बसल्या वो बाई? मयत-बियत झाली का?"

"नाई वो. रविवार हाय."

"मंग?"

"मंग काई नाई. पाय सुकवून राहिलो."

तिने आपल्या पायांकडे पाहिले. माझ्यासारख्याच चिखल्या. मी तेलाची वाटी सरकवली. "एकच मिनिट," म्हणत ती टेकली. तिच्या मागे दुसरी. वेशीतल्या परक्या बाया. पण यादीत त्यांचे नाव होते, हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते.

दुपारी श्यामराव छत्री घेऊन आले तेव्हा झाडाखाली एक्केचाळीस बायका.

"हे काय लावलं? कोणाची परवानगी?"

"वरून आली, पाटील."

मागून त्यांची बायको गीताबाई मजुरांचा चहा घेऊन येत होती. श्यामराव ओरडले, "चहा नको देऊ यायले!" गीताबाईने केटली खाली ठेवली, आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिले, आणि बसली. बेचाळीस. त्या दिवशी चहा श्यामरावांनी वाटला, कारण उभे असलेले माणूस तेवढे एकच होते.

सोमवारी दोन्ही गट उतरले, मंगळवारी सांजेला रोवणी संपली. त्या साली धान कसे झाले ते पाटलांनाच विचारा. तेव्हापासून दिघोरीत रविवारी रोवणी नाही. गीताबाई दर रविवारी माझ्या ओसरीवर येते, आणि काही वर्षांपासून तिच्या मागे श्यामरावही. बिचाऱ्यांना अजून नीट बसता येत नाही, सारखे घड्याळ पाहतात. म्हणून खाट.

कलम पाचवे. पासबुकात जे असेल ते गटातल्या बायकांच्या पायांच्या औषधाला. रागातले जे शिल्लक आहे ते मी कोणाला देत नाही, इथेच सोडते.

कलम सहावे. मला माझ्या लोकांच्या दफनभूमीत, टेकचंदच्या बाजूला ठेवा. रडायचे असेल तर रडा, पण "बिचारी थकून झोपली" असे कोणी म्हणू नये. दगडावर लिहा: काम बाकी ठेवून बसली. आणि पऱ्हे आठवा. वाफ्यातून उपटताना त्याला वाटत असेल, संपलो. जुडी बांधतात, चिखलात खोचतात, दोन दिवस पिवळे पडते. मग हिरवे होते आणि तिथेच लोंबीला येते. मी साऱ्या जन्मात लाखो पऱ्हे रोवले. आता मला रोवणाऱ्याचा हात मी ओळखते. मला भीती नाही.

कलम सातवे आणि मुख्य. माझा रविवार. तो सातबाऱ्यावर नाही, पण माझ्या मालकीचे त्याच्याएवढे मोठे काही नाही. तो मी चंद्रकलेच्या नावे करते. पोरी, या घरात आल्यापासून मी तुला पुष्कळ टोमणे मारले. ते सोमवार ते शनिवारचे होते. रविवार तुझा. तो वाटून दे. वाटल्याने कमी होत नाही, हे मी बेचाळीस जणींवर करून पाहिले आहे. भूपेंद्र विचारेल, "मंग?" तर सांग: "मंग काई नाई. पाय सुकवून राहिलो."

वरील मजकूर ऐकून, समजून, राजीखुशीने अंगठा देते.

सुलोचनाबाई टेकचंद भेंडारकर (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार एक: गीताबाई श्यामराव हटवार (सही).

साक्षीदार दोन: श्यामराव हटवार (सही). यांनी पेन हातात घेऊन विचारले, "म्हणजे माह्या पोराले रविवारी बायका भेटणार नाईत?" मी म्हटले, "नाई भेटणार, पाटील." त्यांनी गीताबाईकडे पाहिले आणि सही केली. पोराला आपणच सांगू म्हणाले. हे त्यांच्यासमोर लिहून घेतले आहे.

लिहिणार: तेजस्विनी अंकुश भेंडारकर.

ठिकाण: दिघोरी, माझी ओसरी. दिनांक १४ जून २०२५, शनिवार. मुद्दाम शनिवार, उद्या रविवारी लिहिले असते तर तेही काम ठरले असते.

ता. क. अंगठा दिल्यावर आठवले. हसू नकोस, अंकुश. मयताच्या घरी चूल पेटत नाही, कडू घास गाव पाठवते. तर माझ्या वेळी कडू काही नको. वार कोणताही असो, तो दिवस रविवार धरावा. घरोघरच्या पुरुषांनी लाखोळीच्या डाळीचे वडे पाठवावे, डाळ जाडसर वाटून, लसूण-मिरची हात न आखडता, टेकचंद करायचा तसे. करपले तरी चालतील. सोबत भात आणि कढी. पहिला वडा चंद्रकलेला द्या, ती बसली असेल तिथे नेऊन, आणि तिला उठू देऊ नका.