गुरुवारीच बिघडणारे प्लग

गुरुवार, २ नोव्हेंबर १९७८

गाडी पुन्हा बंद. उमरेडच्या अलीकडे धक्के देत देत थांबली. माझा दर गुरुवारचा भिवापूरचा दवाखाना आज डॉक्टरविना. कांताबाईला मुद्दाम बोलावलं होतं — सातवा महिना, पायांवर सूज, रक्तदाब वाढलेला. तिला तपासायलाच हवं होतं. एका ट्रकने गाडी ओढत परत आणली.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

ताराचंद मिस्त्रीने प्लग काढून दाखवले. दोन काळेकुट्ट, ठिणगीच्या फटीची टोकं चिकटलेली. "गॅपच बंद झाली बाई." आपोआप कशी बंद होते? त्याला सांगता आलं नाही. की सांगायचं नव्हतं?

चंद्रभान म्हणाले, देशी प्लग असेच, विलायती घालू. नवरा माझ्या गाडीत एवढं लक्ष कधीपासून घालायला लागला!

रविवार, ५ नोव्हेंबर

विलायती प्लग आले. सीताबर्डीच्या दुकानदाराने चंद्रभानना पटवलं — पेट्रोल कमी लागेल, ओढ वाढेल, गाडी नव्यासारखी पळेल. ताराचंदने ते बसवले खरे, पण तोंड वाकडं करून. "छोट्या इंजनले काय फरक पडते? सस्ता असो का महाग, गॅप बरोबर पाहिजे."

दुकानदार विकणारा, मिस्त्री दुरुस्तीवर जगणारा. विश्वास कोणावर ठेवायचा?

बुधवार, ८ नोव्हेंबर

धरमपेठेतलं घर ते रामदासपेठेतलं हॉस्पिटल, रोज गाडी चालवते आहे. छान चालते. पण जुन्या प्लगवरही एरवी अशीच चालायची. फरक शोधून सापडत नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

विलायती प्लगही गेले. पुन्हा त्याच रस्त्यावर.

शनिवार, ११ नोव्हेंबर

ताराचंदचं तेच — गॅप बंद. "कोनीतरी ठोकली वाटते." गाडीला हात लावतो कोण? तूच ना? बोलले नाही, पण त्याला कळलं असावं. पाना पुसत राहिला.

चंद्रभान म्हणतात, भिवापूर सोडून दे, तुला झेपत नाही. गाडीला झेपत नाही म्हणा हवं तर!

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. गाडी गुरुवारीच का बिघडते?

बुधवार, १५ नोव्हेंबर

आज ताराचंदकडे गेलेच नाही. सदरमध्ये दुसऱ्या मिस्त्रीकडून माझ्यासमोर चारही प्लग तपासून घेतले. फटीत घालून बघायची पत्तीही त्याच्याकडून मागून घेतली, प्लग काढायचं शिकून घेतलं. गाडी थेट घरी आणून लावली.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

सकाळी निघण्याआधी बॉनेट उघडलं. दोन प्लगांत पत्ती शिरेना. टोकं ठोकलेली.

गाडी रात्रभर फाटकाच्या आत. घरात आम्ही दोघंच.

आत चंद्रभान दाढी करत होते, रेडिओ लावून. टोकं उचलून पत्तीने फट जमवली, प्लग परत लावले आणि निघाले. गाडी भिवापूरपर्यंत एकदाही अडखळली नाही.

दवाखान्याच्या पायरीवर कांताबाईची सासू पार्वतीबाई बसली होती. एकटीच. कांताबाईला मंगळवारी झटके आले. बैलगाडीतून आणता आणता रस्त्यातच गेली. पोटातलं मूलही गेलं.

"दोन्ही गुरुवारी सांजवरी बसून होतो बाई आमी. तुमी काहून नाही आल्या?"

मी म्हटलं, गाडी बंद पडली होती. खरंच होतं ते. तिने मान हलवली. मला तिच्याकडे बघवेना.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

चहाच्या वेळी विचारलं. चंद्रभान नाही म्हणाले नाहीत. ऑफिसात लोक बोलतात — तुझी बायको दर गुरुवारी एकटीच गाडी घेऊन जाते कुठे? दोन-चारदा बंद पडली की कंटाळून स्वतःच सोडशील, असं वाटलं त्यांना. मग विलायती प्लग कशाला? तर मला संशय येऊ नये म्हणून.

मी कांताबाईचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला फक्त गाडी थांबवायची होती."

मी उठून हॉस्पिटलला गेले. येताना ताराचंदकडे थांबले आणि माफी मागितली. कशाची, ते त्याने विचारलं नाही.

रविवार, १९ नोव्हेंबर

दोन दिवस बोलणं नाही. चंद्रभान पहाटेच कुठेतरी गेले. न सांगता.

संध्याकाळ — ते भिवापूरला गेले होते. बसने. पार्वतीबाईला सगळं सांगून आले. ती काय म्हणाली, हे मला विचारावंच लागलं.

"म्हणाली, गावात कोनाले सांगू नका. लोकं डॉक्टरबाईले इथं पाय ठेवू देनार नाहीत. माह्या धाकट्या सुनेले आठवा महिना लागला आहे."