वेंटरडाइनची फाटकं

वेंटरडाइन, श्रॉपशायर
२९ ऑक्टोबर

प्रिय विनी,

तुझं पत्र आणि सोबतची सोनेरी काठाची पत्रिका पोचली. माझा गुडघा बरा आहे. गावही बरं आहे. चर्चचं छप्पर अजून गळतंय आणि त्यासाठी वर्गणी अजून गोळा होतेय. तुझ्याकडे लडलोला सगळं कुशल असणारच. नव्या नवरीला काय धाड भरलीय, साठीची का असेना.

तू दोन गोष्टी मागितल्या होत्यास. एक म्हणजे आपल्या चर्चमध्ये लग्न लागताना वडिलांच्या जागी मी तुझा हात धरून तुला आत न्यायचं. दुसरी, हो की नाही ठरवायच्या आधी तुझ्या लेनर्डला आपल्या नेहमीच्या वाटेवर सायकलने एकदा फिरवून आणायचं. दुसरी गोष्ट शनिवारी उरकली. पहिलीचं उत्तर शेवटी देते. आधी त्याच्याविषयी माझं मत ऐक. तूच मागितलं होतंस, तेव्हा रुसायचं नाही.

हा गृहस्थ बॅटरीच्या सायकलवर आला. ब्लॅकथॉर्न टेकडी आपण दोघी इतकी वर्षं स्वतःच्या पायांनी चढलो, आणि हा बटण दाबून चढणार. सायकल अशी लखलखीत, की चिखल बघून तिलाच भोवळ यावी. अंगात पिवळं जाकीट, दांडीला घंटा, दोन्ही चाकांवर मडगार्ड. आणि सगळ्यावर कडी म्हणजे हेल्मेटला एक छोटा आरसा. मी विचारलं, हा कशासाठी? म्हणाला, मागचं दिसावं म्हणून. जन्मभर लोकांचे डोळे तपासून चष्मे विकले, आता स्वतःच्या डोक्यालाही काच लावलीय. डोंगरात सायकल चालवणाऱ्याला पुढचं दिसलं की पुरे, असं मी त्याला सांगितलं. तो हसला. त्याला हसायला बरंच येतं.

शनिवार-रविवारी लंडनहून येणाऱ्या त्या पोरांबद्दल माझं मत तुला ठाऊक आहेच. अंगाला चिकटलेले कपडे, हातात फोन, आणि उतारावर कोण किती वेगात गेलं याची टेकडीच्या माथ्यावर उभं राहून भांडणं. त्यांना ना झाड दिसतं ना मेंढरू. पण ती निदान घाम तरी गाळतात. तुझ्या लेनर्डच्या कपाळावर दिवसभरात एक थेंब दिसला असेल तर शपथ.

आणि तरीही तो मागे. हे मला कळेना. बॅटरी असूनही मागे. प्रत्येक चढावर मी पुढे, आणि हा आपला वरातीमागून घोडं. आपल्या घोडवाटेवर पावलोपावली फाटकं आहेत. माझी पद्धत तुला माहीत आहे. सायकलवरून न उतरता कडी उचलायची, खांद्याने फाटक ढकलायचं आणि निघायचं. हा मात्र फाटक जवळ आलं की रेंगाळायला लागायचा. अख्ख्या वाटेवर त्याने एक फाटक उघडलं नाही विनी, एकसुद्धा नाही. सगळी मी उघडली आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा आरामात आत आला. तेव्हाच मनात म्हटलं, जो माणूस पुढे होऊन साधी कडी काढत नाही, त्याच्या हाती माझी बहीण द्यायची?

माथ्यावर बसलो. मी हॅम आणि सफरचंद भरलेली पाय-पेस्ट्री आणली होती, अख्खी, कागदात गुंडाळून. त्याने काकडीचे सँडविच काढले, कडा कापलेले. अर्धे माझ्यापुढे केले. खाल्ले मी, टाकून कशाला द्यायचे. समोर वेल्सपर्यंत टेकड्याच टेकड्या, ऊन-सावली पळत होती. त्याने फोटो काढला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

"विनी म्हणाली होती, तुम्ही चढावरही बोलत असता," तो म्हणाला. "सगळं ऐकू आलं नाही मला. मी मागे होतो."

बोलते मी. तू लडलोला गेल्यापासूनही बोलते. परवाच काटेरी झुडपांच्या वळणावर मी तुला काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत अर्धी टेकडी चढले. मग लक्षात आलं. असो. वय झालं की असं होतं म्हणतात.

उतरताना आम्ही गॉफच्या शेतातल्या आडवाटेने आलो. ती वाट हक्काची नाही, गॉफच्या मेहेरबानीची, हे मी लेनर्डला बजावून ठेवलं होतं. खाली गॉफ स्वतः फाटकाला टेकून उभा. चेहरा नेहमीपेक्षा आंबट.

"उन्हाळ्यापासून बघतोय, बाई," तो म्हणाला. "कोणीतरी सायकलवाला हे फाटक सताड उघडं टाकून जातो. टायरचे ठसे असतात. गेल्या बुधवारी माझा मेंढा शिरला ना यंदाच्या पिल्लांत. वर्षाचीही नाहीत ती. आत्ता गाभण राहिली तर बाळंतपणात एखाद-दुसरं तरी मरणारच. आता कुलूप घालतो, मग बसा बोंबलत."

मी काय केलं असेल, तू ओळखलंच असशील. मी लेनर्डकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "शहरातल्या माणसांना फाटक म्हणजे काय हेच कळत नाही."

लेनर्डने हेल्मेट काढलं. एकदा माझ्याकडे बघितलं, मग गॉफकडे. "माझीच चूक," तो म्हणाला. "मी एकटाच येऊन गेलो होतो. लावायचं राहून गेलं. माफ करा."

गॉफने त्याला जे काही ऐकवलं ते या पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाला, बाई जुन्या आहेत, त्यांनी खुशाल यावं, पण हा पिवळा जाकीटवाला पुन्हा माझ्या शेतात दिसला तर कुत्रं सोडीन. लेनर्डने मान डोलावली.

आता बुधवारी हा तुझ्याबरोबर हेरफर्डला कोटाचं माप द्यायला गेला होता. तूच मला फोनवर सांगितलं होतंस, कापडाच्या रंगासकट. म्हणजे बॅटरीवाला तर होताच, वर खोटारडाही निघाला. खाली गावातल्या गल्लीत पोचल्यावर मी त्याला गाठलं आणि विचारलं, न केलेला गुन्हा कबूल करायची ही कोणती हौस? तो सायकलवरचा चिखल पुसत बसला. मी सोडलं नाही.

"विनीने मला एकच गोष्ट सांगून पाठवलं होतं," तो शेवटी म्हणाला. "ती पुढे जाईल, जाऊ दे. तू मागे राहा आणि फाटकं लावत ये. तिला कळू देऊ नकोस. तिला वाटतं ती आपोआप लागतात."

मी मागे वळून बघितलं. खालून अख्खी टेकडी दिसते, तुला माहीतच असेल, मला नव्हतं माहीत. आम्ही ओलांडलेली सगळी फाटकं कुंपणांच्या रेषेत दिसत होती. एकूणएक बंद.

विनी, मी गावभर सांगत आले की माझी बहीण हळू आहे. तिला चढ झेपत नाही, दम नाही, दर वळणावर थांबून तिची वाट बघावी लागते. पबमध्ये सांगितलंय, नाताळच्या जेवणात तुझ्यासमोर सांगितलंय, आणि तू बटाटे वाढत होतीस. चढाच्या ऐन तोंडाशी सायकलवरून उतरायचं, कडी लावायची आणि मोडलेल्या वेगाने पुन्हा चढायचं म्हणजे काय असतं, ते मी काल करून बघितलं. तिसऱ्या फाटकाला मला शिवी आली. तू कधी दिली नाहीस. निदान मला ऐकू येईल अशी नाही. हे मला सांगायला काय झालं होतं तुला? मी ऐकलं नसतं, ते खरं आहे.

काल चर्चनंतर गॉफकडे जाऊन आले. म्हटलं, बुधवारी मी होते, आणि उन्हाळ्यापासूनही मीच. त्याला नवल वाटलं नाही.

"धाकट्या बाई गेल्या आणि हे सुरू झालं," तो म्हणाला. "मेंढरांनासुद्धा कळलंय, बाई."

कुलूप लागलंय. जुन्या असल्याचा काही उपयोग झाला नाही. आता आडवाट बंद, डांबरी रस्त्याने ट्रॅक्टरच्या मागून वळसा घालायचा. लेनर्डवरची बंदी उठली, पण जायला वाटच उरली नाही, हे त्याला सांग, तो हसेल. वसंतात कोकरं झाली की बघू, असं गॉफ म्हणाला. पण धाकट्या बाई बरोबर असतील तरच.

या सगळ्यावरून तो मला आवडला असा अर्थ काढू नकोस. ते जाकीट डोळ्यांत खुपतं. घंटा वाजवली की मेंढ्या हसतात. काकडीच्या सँडविचवर माणूस जगू शकतो यावर माझा विश्वास नाही, आणि बॅटरी ती बॅटरीच. आरशाबद्दल मात्र मी काही बोलणार नाही.

आता तुझं उत्तर. येईन मी. हात धरून नेईन, आणि तुझ्या पावलाने चालेन, मग तू कितीही हळू चाल. लग्न लागल्यावर गावातली पोरं नेहमीसारखी चर्चचं फाटक दोरीने बांधून ठेवतील, आणि नवऱ्याने नाणी उधळल्याशिवाय सोडणार नाहीत. ते फाटक लेनर्डला स्वतः उघडावं लागेल, आणि मला ते बघायचंय. मग तुम्ही दोघं पुढे व्हा. माझ्यासाठी थांबू नका, मागे बघू नका.

फाटक लावून मी येतेच आहे मागून.

तुझी थोरली,
ऑड्री