सरांचं मत

बिश्केक, जुलै २०२०

माझ्या आईला अनारकुलचा सलाम.

मी ठणठणीत आहे, वसतिगृहात दोन्ही वेळा नीट जेवते. परवा माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली, संगणकावरच. माझे मार्गदर्शक तोकतोसुन सर घरी तापाने पडून होते, तरी फोनवरून हजर राहिले. परीक्षकांनी त्यांचं मत विचारलं, तर खोकत खोकत म्हणाले, "पोरीचं काम चोख आहे. उगाच छळू नका तिला." सगळे हसले.

काल पहाटे सर गेले. दफनाला आम्हा विद्यार्थ्यांना जाता आलं नाही.

मी पास झाले, आई. शेजारणींना खुशाल सांग, पण आनंदाचा मेंढा एवढ्यात कापू नका.

आणि फोनवर तू खोकत होतीस, तो धुळीचाच खोकला ना? खरं सांग.

तुझीच,
अनारकुल